उदयनदादांनी सांगितलेला वार

"उद्या बाजार उघडला की तुझ्या खात्यातून अजून दोनशे पुट विक," उदयनदादा फोनवर म्हणाले. "भाव किती ते मी सांगतो. तू स्वतःहून काही ठरवू नकोस."

रविवारची दुपार होती. टोकियोच्या निशी-कासाई भागातल्या त्यांच्या घरात आम्ही जेवायला बसलो होतो. शर्वरीवहिनी आत पोळी भाजत होत्या. त्यांची नऊ वर्षांची जुई माझ्या शेजारी बसून ताटातले शेंगदाणे वेगळे काढत होती. दादा बोलता बोलता गॅलरीत गेले होते, पण काचेचं दार उघडंच राहिलं होतं.

"निरंजन, ऐक. ताकामिनेचा भाव खाली जात नाही. मी दोन महिने त्याच कंपनीवर बसलोय. घाबरू नकोस."

निरंजन म्हणजे वहिनींचा धाकटा भाऊ. तो सिंगापूरला असायचा. त्याच्या छोट्या कंपनीचं खातं आमच्याच ऑफिसात होतं आणि दादा चालवत होते त्या गुंतवणूक फंडाचंही. ही दोन्ही नावं मी रोज सकाळी कागदावर बघत होते. ती एकमेकांची कोणी लागतात, हे मला माहीत होतं. दोन्हीकडचे निर्णय एकच माणूस घेतो, हे मात्र त्या क्षणी पहिल्यांदा कळलं.

मी तेव्हा टोकियोतल्या एका दलाली कंपनीत तपासणी विभागात काम करत होते. मिरजेतून पुण्याला जाऊन जपानी शिकले, पुढे वर्षभर भाषांतरं करत बसले, आणि एक दिवस उदयनदादांचा निरोप आला की टोकियोत एका कंपनीला जपानी आणि इंग्रजी दोन्ही येणारं, आकड्यांना न भिणारं माणूस हवंय. उदयन कर्णिक आमच्या गल्लीतले. माझ्यापेक्षा बारा वर्षांनी मोठे. त्यांनी माझं नाव सुचवलं, व्हिसाच्या कागदांसाठी खेटे घातले, विमानतळावर घ्यायला आले आणि पहिला महिना आपल्याच घरी ठेवून घेतलं. मी त्यांना दादा म्हणत होते ते काही नुसतं म्हणायचं म्हणून नाही.

माझं काम सांगायला सोपं होतं. शेअरचे आणि शेअरसारख्याच विकल्या जाणाऱ्या फंडांचे ऑप्शन, म्हणजे पुढे ठरल्या दराने घेण्या-विकण्याचे करार, ओसाकाच्या बाजारात चालतात. त्यात एका गिऱ्हाइकाने एका बाजूला जास्तीत जास्त किती सौदे उभे ठेवायचे, याची मर्यादा बाजाराने घालून दिलेली असते. प्रत्येक शेअरची वेगळी. कोणी तिच्या जवळ पोचलं की आम्ही त्याला कळवायचं, आणि ओलांडू लागलं तर थांबवायचं.

यातली खुबी 'एका बाजूला' या शब्दांत आहे. कॉल विकत घेणारा म्हणतो, भाव वर जाईल. पुट विकणारा हमी देतो की उद्या भाव पडला तरी तुझा शेअर मी ठरल्या चढ्या दराने घेईन, आणि त्या हमीचे पैसे आधी घेतो. म्हणजे तोही भाव पडणार नाही यावरच पैसे लावतो. एक घेतो, एक विकतो, पण दोघांचं तोंड एकाच दिशेला. म्हणून ते एकत्र मोजायचे. आणि दोन खात्यांमागे ठरवणारं डोकं एकच असेल, तर ती दोन खातीही एकत्र मोजायची.

दादांचा फंड ताकामिने या यंत्रं बनवणाऱ्या कंपनीचे कॉल घेत होता आणि मर्यादेच्या अगदी काठावर आला होता. निरंजनची कंपनी त्याच ताकामिनेचे पुट विकत होती.

दादा आत आले आणि माझ्याकडे बघून थांबले.

"ऐकलंस?"

"हो."

त्यांनी जुईला आत पाठवलं आणि समोर बसले. "दोन खाती, दोन नावं, दोन देश. कागदावर काही चूक नाही."

"पण ठरवणारे तुम्ही एकटे."

"निरंजनला सल्ला देतो. मेव्हणा आहे माझा."

"दादा, हा सल्ला नाही. तुम्ही त्याला ठरवू नकोस म्हणालात."

ते रागावलेले दिसले नाहीत. "केतकी, तीन-चार आठवड्यांचा प्रश्न आहे. कंपनीला मोठी ऑर्डर मिळणार असा माझा अंदाज आहे. कोणी कानात सांगितलेलं नाही, अभ्यास करून काढलाय. फंड लहान आहे, यंदा काही करून दाखवलं नाही तर मोठा गुंतवणूकदार निघून जाईल. मग दोन खोल्यांचं ते ऑफिसही राहणार नाही." मग जरा थांबून ते म्हणाले, "आणि हे तुला माझ्या घरी कळलंय. तुझ्या ऑफिसात नाही."

वहिनी पोळ्यांचा डबा घेऊन बाहेर आल्या तेव्हा आम्ही दोघंही जेवत होतो.

*

रोज सकाळी साडेआठला माझ्या टेबलावर एक तक्ता येई. ज्यांचे सौदे मर्यादेच्या जवळ आले आहेत, त्यांची नावं त्यात असत. शेवटच्या रकान्यात प्रश्न असे: या गिऱ्हाइकाचा दुसऱ्या कोणत्या खात्याशी संबंध आहे का? मी चौकशी करून 'नाही' लिहायचं आणि खाली आपला शिक्का उठवायचा. माझ्या नावाचा छोटा गोल शिक्का कंपनीनेच करून दिला होता.

सोमवारी मी कर्णिकांच्या फंडासमोर 'नाही' लिहिलं आणि शिक्का उठवला.

त्याआधी दोन वेळा मी कुसाकाबे-सानच्या टेबलाकडे गेले होते. ते आमच्या विभागाचे प्रमुख; जपानीतलं 'सान' म्हणजे आपलं आदराचं 'जी'. वय सत्तावन्न. अंगात नेहमी राखाडी स्वेटर. आवाज इतका हळू, की त्यांच्याशी बोलताना सगळे आपोआप पुढे वाकत. दोन्ही वेळा ते फोनवर नव्हते, कामात नव्हते, मान वर करून माझ्याकडे बघत होते. आणि दोन्ही वेळा मी पलीकडच्या कपाटातून एक फाईल काढून परत आले. तिची मला काही गरज नव्हती.

मंगळवारी पुन्हा 'नाही'.

बुधवारी सकाळी मी दोन्ही खात्यांचे आकडे एका चिठ्ठीवर मांडले. एकत्र धरले तर ते मर्यादेच्या बरेच पुढे गेले होते. चिठ्ठी फाडून टाकली, तक्त्यावर 'नाही' लिहिलं आणि शिक्का उठवला. या वेळी शिक्का वाकडा उमटला. तसाच राहू दिला.

जेवणाच्या सुटीत नदीकाठच्या बाकावर बसून आईला फोन केला. तिला यातलं काही सांगितलं नाही. तीच म्हणाली, "उदयन कसा आहे? परवा त्याची आई देवळात भेटली. म्हणाली, तुमची केतकी तिथं आहे म्हणून आम्हाला बरं वाटतं, घरचं कोणीतरी आहे जवळ."

मी बरं म्हणून फोन ठेवला.

पुष्कळदा वाटतं, तो फोन मी केला नसता तर आणखी आठवडाभर शिक्के उठवत बसले असते. 'घरचं कोणीतरी' हे शब्द डोक्यातून जाईनात. घरच्या माणसाने काय करायचं असतं, हेच मला कळेनासं झालं होतं. सांगितलं तर ज्या माणसाने हात धरून इथवर आणलं त्याचं ऑफिस बंद पडणार. नाही सांगितलं, आणि भाव पडला, तर निरंजनने दिलेल्या त्या सगळ्या हमी एकदम त्याच्या अंगावर येणार. आणि मी तर त्या कागदावर रोज लिहून देत होते की सगळं ठीक आहे.

गुरुवारी सकाळी तक्ता आला. मी तो उघडलाच नाही. सरळ कुसाकाबे-सानच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले.

"मला काही सांगायचं आहे."

त्यांनी समोरची खुर्ची दाखवली. मी सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. माझं बोलणं संपल्यावर एक कोरा कागद ओढून पेन उघडलं.

"हे तुम्हाला कोणाकडून कळलं?"

"स्वतः कर्णिक-सानकडून."

"कधी?"

आदल्या रात्रभर मी या प्रश्नाची तयारी करत होते. खरं सांगायचं असंच ठरवलं होतं. तोंडातून शब्द आला तो वेगळाच.

"काल."

त्यांनी तारीख लिहिली. मी त्या आकड्यांकडे बघत राहिले. पेन चालत होतं तोवर दुरुस्त करता आलं असतं. मी केलं नाही. रविवार म्हणाले असते तर तीन दिवसांचे तीन शिक्के खोटे ठरले असते, नोकरी गेली असती आणि तिच्याबरोबर व्हिसा. हे सगळं मी त्या अर्ध्या क्षणात मोजलं, याची लाज मला पुढे फार वर्षं वाटत राहिली.

"ते तुमचे कोण लागतात?" त्यांनी विचारलं.

"नात्याने कोणी नाहीत. मोठ्या भावासारखे आहेत."

त्यांनी पेन मिटलं. "मग कठीण गेलं असेल."

मी मान खाली घातली. ते म्हणाले, "आपल्याकडे एकेका शेअरचे ऑप्शन फार थोडे लोक घेतात-देतात. त्यातले निम्मे एकाच माणसाकडे गेले, तर तो भाव बाजाराचा राहत नाही, त्या माणसाचा होतो. आणि त्याला कधी घाईने बाहेर पडायचं झालं, तर समोर घ्यायला कोणी नसतं. मर्यादा इतरांसाठी आहे असं सगळ्यांना वाटतं. ती त्या माणसासाठीही असते." मग उठता उठता म्हणाले, "फोन मी करतो. तुम्ही करू नका. ते पुढे तुमच्यासाठी बरं राहील."

*

शुक्रवारी सकाळी दहाला उदयनदादा आमच्या ऑफिसात आले. माझ्या जागेवरून बैठकीच्या खोलीचं दार दिसायचं. करडा सूट, हातात एक पातळ फाईल. ते माझ्या टेबलापासून दहा पावलांवरून गेले आणि त्यांनी वळून पाहिलं नाही. खोलीत कुसाकाबे-सान होते, गिऱ्हाइकांचे सौदे बघणारे एक अधिकारी होते आणि कंपनीचे वकील. दार बंद झालं.

तास झाला. सव्वा तास झाला. दोनदा कोणीतरी आत पाणी घेऊन गेलं. माझ्यासमोरच्या तक्त्यावरच्या एकाही नावाचा अर्थ मला लागत नव्हता.

दार उघडलं आणि दादा एकटेच बाहेर आले. या वेळी ते माझ्या टेबलाशी थांबले. आजूबाजूला कोणाला मराठी कळत नव्हतं, तरी ते हळूच बोलले.

"शर्वरीला फोन करू नकोस काही दिवस. निरंजनला तोटा सोसावा लागणार हे कळलंय तिला. रडतेय."

"दादा, मी..."

"काम कर तुझं," ते म्हणाले आणि लिफ्टकडे गेले.

जास्तीचे सौदे तीन दिवसांत कमी करायला सांगितलं होतं. निरंजनने विकलेले पुट परत विकत घ्यावे लागले, फंडाचे कॉलही काही विकावे लागले. घाईने बाहेर पडताना समोर कोणी नसतं, हे कुसाकाबे-सानचं बोलणं तीन दिवस आकड्यांत बघितलं. मिळेल त्या भावाला सुटावं लागलं, आणि मिळणारा भाव वाईट होता.

पाच आठवड्यांनी ताकामिनेला खरोखरच मोठी ऑर्डर मिळाली. शेअर दोन दिवसांत असा चढला की ऑफिसात लोक उठून पडद्याजवळ येऊन बघत होते. दादांचा अंदाज तंतोतंत खरा ठरला होता. सगळे सौदे तसेच ठेवले असते तर त्यांचा फंड एका आठवड्यात मोठा झाला असता. उरले होते तेवढ्याने काही साधलं नाही. वर्षअखेरीला मोठा गुंतवणूकदार निघून गेला, फंड बंद झाला आणि कर्णिक कुटुंब पुण्याला परतलं. निघाल्याचं मला आईकडून कळलं.

मला मात्र कंपनीकडून प्रशंसेचं पत्र आलं. माहिती मिळताच दुसऱ्याच दिवशी वरिष्ठांच्या कानावर घातल्याबद्दल. ते पत्र मी खणात पालथं ठेवलं. दोन वर्षांनी बढती मिळाली. नवीन आलेल्या लोकांना मर्यादेचे नियम मीच शिकवू लागले. दर वेळी एकाच ठिकाणी अडखळायचे: 'संबंध कळल्यास त्याच दिवशी कळवावे.'

दादांना मी तीन वेळा पत्र लिहिलं. दोन पाठवली नाहीत. तिसरं पाठवलं, त्याचं उत्तर आलं नाही.

*

आठ वर्षांनी कुसाकाबे-सान निवृत्त झाले. शेवटच्या आठवड्यात त्यांनी मला जेवायला नेलं, ऑफिसच्या मागच्या गल्लीतल्या सोबाच्या, म्हणजे जपानी शेवयांच्या, दुकानात. इतक्या वर्षांत आम्ही दोघं असे कधी बाहेर जेवलो नव्हतो.

शेवया संपल्यावर ते म्हणाले, "एक गोष्ट मी तुम्हाला सांगितली नाही. विभागात होतो तोवर सांगणं बरोबर नव्हतं. आता चालेल."

मी वाटी खाली ठेवली.

"कर्णिक-सान आले होते त्या दिवशी वकिलांनी त्यांना विचारलं होतं की ही गोष्ट त्यांनी तुम्हाला कोणत्या दिवशी सांगितली."

हा प्रश्न त्या खोलीत विचारला गेला असेल, हे आठ वर्षांत एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं. माझा शब्दच त्यांनी खरा धरला असेल, असंच मी समजत होते.

"वकिलांना शंका होती," ते पुढे म्हणाले. "तुम्ही दोघं एका गावचे, त्यांच्या घरी तुमचं जाणं-येणं. ते कर्णिक-सानना स्पष्टच म्हणाले, आमच्या माणसाला हे आधीपासून माहीत असेल आणि तिने दडवलं असेल, तर चूक आमचीही होते. मग आम्हाला हे प्रकरण तुमच्याशी फार ताणता येणार नाही. तुमच्या बाजूने ते सोयीचंच आहे. आठवून सांगा."

"मग?"

"त्यांनी आधी मला विचारलं, केतकी-सान इथे किती दिवस काम करतात? मी म्हटलं, सव्वा वर्ष. मग ते वकिलांना म्हणाले, बुधवारी. वकिलांनी पुन्हा विचारलं, त्याआधी नाही? रविवारी वगैरे? ते म्हणाले, नाही. बुधवारी. आणि सही केली."

दुकानात माणसं येत होती, जात होती. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते मला थांबवता येईना. कुसाकाबे-सान भिंतीवरच्या दरपत्रकाकडे बघत बसले.

"तुम्हाला माहीत होतं?" मी शेवटी विचारलं. "बुधवार नव्हता हे?"

"सोमवारी तुम्ही दोनदा माझ्यापर्यंत येऊन परत गेलात. मी दोन्ही वेळा पाहिलं. काय झालं म्हणून मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही. तेव्हा त्या तीन दिवसांत माझाही वाटा आहे." ते जरासे हसले. "शिवाय चौथ्या दिवशी तुम्ही आलात. पुष्कळ लोक येतच नाहीत."

पैसे त्यांनीच दिले. बाहेर पडल्यावर मी त्यांना वाकून नमस्कार केला, त्यांच्या पद्धतीने, आणि बराच वेळ सरळ झालेच नाही.

*

डिसेंबरच्या सुटीत मी पुण्याला गेले. पत्ता आईने मिळवून दिला. उदयनदादा आता चाकणला एका जपानी कारखान्याचा हिशेब विभाग बघत होते, आणि राहायला सहकारनगरमध्ये. शनिवारी सकाळी न कळवताच गेले. कळवलं असतं तर कदाचित नको म्हणाले असते.

दार वहिनींनी उघडलं. केस पांढरे झाले होते. त्यांनी मला नीट पाहिलं.

"आलीस? ये आत."

मी चपला काढत होते तेव्हा त्या म्हणाल्या, "खोटं कशाला बोलू, फार राग होता मला तुझा. अजून थोडा आहे. चहा टाकते."

दादा बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होते. त्यांनी ते घडी करून बाजूला ठेवलं. आम्ही इकडचं तिकडचं बोललो. आईचे गुडघे, मिरजेतले कोण कोण गेले, चाकणची रहदारी. चहा आला. वहिनीही बसल्या. मग मला धीर धरवेना.

"दादा, कुसाकाबे-सान निवृत्त झाले. त्यांनी मला सांगितलं. त्या दिवशी आत काय झालं ते."

त्यांनी कप खाली ठेवला.

"तुम्हाला मी सांगितलेला वार कसा कळला?"

"त्यात काय कळायचंय? बोलावणं गुरुवारी दुपारी आलं. म्हणजे तू गुरुवारी सकाळी बोललीस. 'कधी कळलं' असं विचारल्यावर घाबरलेला माणूस 'काल' म्हणतो. मीही तेच म्हणालो असतो."

"तुम्ही रविवार म्हणाला असतात तर तुमची सुटका झाली असती."

"थोडी झाली असती," ते म्हणाले. "वकील तसा हुशार होता. मी विचार केला, नाही असं नाही. मग डोळ्यांसमोर आलं, तू बॅगा घेऊन परत मिरजेला जातेयस. तुला तिथं आणलं मी. तुझ्या पायात तो गुंता टाकला तोही मीच, माझ्याच घरी बसून. त्याची किंमत तू का द्यायची?"

"मग पत्राला उत्तर का नाही दिलंत?"

"राग होता म्हणून. नोकरी वाचवली म्हणजे राग गेला असं थोडंच आहे?" ते पहिल्यांदा हसले. मग गंभीर झाले. "आणि दुसरं एक. भाव वर गेला ना, त्यामुळे माझं चुकलं हे मला फार वर्षं पटलंच नाही. खाली गेला असता तर लवकर कळलं असतं. मी सगळ्यांना सांगत राहिलो की मी बरोबर होतो. अंदाज बरोबर होता, एवढंच. निरंजनने त्या पुटसाठी राहता फ्लॅट गहाण टाकला होता. मला न सांगता. त्याला मुलगा झाला तेव्हा आम्ही सिंगापूरला गेलो होतो, त्या फ्लॅटमध्ये बसूनच त्याने ते सांगितलं. त्या रात्री मला झोप लागली नाही."

वहिनी कप गोळा करत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणून तर म्हटलं, थोडाच उरलाय राग."

"दादा, मी आभार मानायला आलेय," मी म्हटलं. विमानात पुष्कळ वाक्यं तयार केली होती. त्यातलं एवढंच उरलं.

"मान," ते म्हणाले. "मीही मानतो. तू चौथ्या दिवशी का होईना, गेलीस."

निघताना ते फाटकापर्यंत आले. रिक्षा थांबवली, आणि मग जरा घुटमळले.

"जुईला तिकडच्या विद्यापीठात प्रवेश मिळालाय. एप्रिलमध्ये येईल. आमचं आता तिथं कोणी नाही. तुला चालत असेल तर तुझा नंबर देतो तिला."

मी मान हलवली. नंबर कागदावर लिहून दिला.

एप्रिलच्या पहिल्या शनिवारी मी हानेदा विमानतळावर उभी होते. जुई दोन मोठ्या बॅगा ढकलत बाहेर आली. उंच झाली होती, वहिनींसारखी चालत होती. तिने मला ओळखलं, तिथेच सगळ्यांसमोर वाकून पाया पडली आणि एका दमात म्हणाली, "बाबांनी सांगितलंय, इथं काही चुकलं, काही गडबड झाली, तर आधी तुम्हाला सांगायचं. त्यांना नंतर. आणि त्याच दिवशी सांगायचं, उद्यावर ढकलायचं नाही."

"असं म्हणाले ते?"

"हो. म्हणाले, तिला सांगायला घाबरू नकोस, तिला कळतं."

मी तिच्या हातातली जड बॅग घेतली. पहिला महिना ती माझ्याकडेच राहिली.